यंत्राच्या नकारावर सही कुणाची?

देशातला पहिला आधार क्रमांक महाराष्ट्रात दिला गेला. २९ सप्टेंबर २०१० चा दिवस, नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली हे आदिवासी गाव आणि समोर तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग. ज्यांच्यापाशी कसलाच कागद नाही, त्यांना सरकारदरबारी ओळख मिळावी, हा त्यामागचा उद्देश. तो चांगला होता आणि आजही चांगलाच आहे.

पण आज कुठल्याही तालुक्याच्या गावी रेशन दुकानासमोर, सेतू केंद्रात किंवा अंगणवाडीच्या ओट्यावर तासभर उभं राहा. चार वाक्यं हमखास कानावर पडतात. ‘अंगठा लागत नाही.’ ‘सर्व्हर डाऊन आहे.’ ‘केवायसी पेंडिंग दाखवतंय.’ आणि सगळ्यांत घातक ते चौथं, ‘वरूनच बंद आहे, आमच्या हातात काही नाही.’

हे चौथं वाक्य मला मान्य नाही. सरकारी नकार पूर्वीही मिळायचे, आणि उद्दामपणे मिळायचे. पण नकार देणारा माणूस तेव्हा समोर असायचा. त्याच्याशी भांडता यायचं, त्याच्या साहेबाकडे जाता यायचं, तहसीलवर मोर्चा नेता यायचा. आता नकार पडद्यावर उमटतो आणि त्याखाली कुणाचीच सही नसते. नव्या तंत्रज्ञानाने वेग आणला, सोय आणली, त्याचे गोडवे रोज गायले जातात आणि त्यातले बरेचसे खरेही आहेत. आज लिहायचं आहे ते या गायब झालेल्या सहीबद्दल.

अंगठा

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ सालचा. प्राधान्य कुटुंबाला दर माणशी दरमहा ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. कायद्याने दिलेला हक्क आहे हा, कुणाची मेहेरबानी नव्हे. तो घेण्यासाठी दुकानातल्या ई-पॉस मशीनवर बोट टेकवावं लागतं.

बोटावरच्या रेषा कामाने झिजतात. वीटभट्टीवर, सिमेंटच्या कामावर, मिठागरात राबणाऱ्यांच्या आणि दिवसभर धुणीभांडी करणाऱ्या बायांच्या लवकर झिजतात. उतारवयात कातडी सुकते, रेषा पुसट होतात. म्हणजे हे यंत्र जास्त चुकतं ते नेमकं म्हाताऱ्यांच्या आणि कष्टकऱ्यांच्या बाबतीत. ज्यांना धान्याची गरज सर्वांत जास्त, त्यांनाच ‘तुम्ही तुम्ही नाही’ असं ऐकावं लागतं.

बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांचं उदाहरण घ्या. दिवाळीच्या आगेमागे धडधाकट माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडावर जातात. २०१९ पासून आकाराला आलेल्या ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेमुळे त्यांना तिथे धान्य उचलता येतं. तंत्रज्ञानाचा हा खरा फायदा आहे आणि तो मोकळेपणाने मान्य करायला हवा. पण घरी उरतात ती म्हातारी माणसं. कार्डावरच्या कुणाचाही अंगठा चालतो हे खरं, पण ज्यांचा हमखास लागतो ते सगळे फडावर असतात. गावात राहिलेल्या आजीने मग काय करायचं?

‘अहो, बहुतेकांचा लागतो की,’ असं उत्तर मिळतं. मग हिशेबच करू. महाराष्ट्रात अन्न सुरक्षा कायद्याखाली धान्याचे हक्कदार सुमारे ७ कोटी. शंभरातल्या नव्व्याण्णव जणांसाठी यंत्र बिनचूक चाललं असं धरलं, तरी उरलेला एक टक्का म्हणजे ७ लाख माणसं. परीक्षेत नव्व्याण्णव टक्के म्हणजे गुणवत्ता यादी. धान्याच्या बाबतीत नव्व्याण्णव टक्के म्हणजे लाखो ताटं रिकामी.

कायदा याबद्दल गप्प नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी दगावली. आधार जोडलं नाही म्हणून कुटुंबाचं रेशन कार्ड रद्द झालं होतं. मुलगी भुकेने गेली, असं आईने सांगितलं. आजाराने गेली, असं प्रशासन म्हणालं. देश हादरला. पुढच्याच महिन्यात केंद्राने राज्यांना कळवलं, की आधार नाही किंवा बोटाचा ठसा जुळत नाही म्हणून पात्र माणसाला धान्य नाकारू नका, दुसऱ्या पुराव्यावर द्या आणि तशी नोंद ठेवा. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालाच्या वेळी सर्वोच्च न्यायालयातही सरकारतर्फे हेच आश्वासन दिलं गेलं. ठसा जुळला नाही तर ओळख पटवण्याची पर्यायी सोय असावी, असं न्यायालयाने म्हटलं.

आदेश आहे, निकाल आहे. तरी दुकानात आजही ‘उद्या या’ ऐकू येतं, कारण तो आदेश मोडल्याचा पुरावाच कुणाच्या हाती पडत नाही. धान्य दिलं तर मशीन पावती छापतं. नाकारलं तर काहीच छापत नाही. हक्काचं धान्य मिळालं नाही तर सरकारने अन्न सुरक्षा भत्ता द्यावा, अशी तरतूद याच कायद्यात आहे. पण आपण दुकानात गेलो होतो आणि परत पाठवले गेलो, हे त्या आजीने सिद्ध कशाने करायचं? पावतीच नाही, तर भत्ता कसला?

आता बोगस कार्डांचा मुद्दा. होती बोगस कार्डं, होता काळाबाजार. रेशनची साखर आणि रॉकेल दुकानाच्या मागच्या दाराने जाताना ज्यांनी पाहिलं, त्यांना यंत्र आल्याचं समाधान वाटणं स्वाभाविक आहे. मेलेल्या माणसाच्या नावावर धान्य उचलणं आता अवघड झालं, हे चांगलंच झालं. पण अंगठा फक्त माणूस ओळखतो, धान्य मोजत नाही. २० किलोवर अंगठा घेऊन १८ किलो हातावर टेकवणाऱ्याला ई-पॉस अडवू शकत नाही. काटामारी करणारा सुटतो आणि झिजल्या बोटांची बाई अडकते. चोर पकडायला आणलेल्या यंत्राच्या तावडीत साव सापडत असेल, तर दुरुस्ती यंत्राच्या नियमात करायची. सावाला आणखी एक हेलपाटा घालायला लावणं ही दुरुस्ती नव्हे.

चेहरा

अंगठ्यावर उपाय म्हणून आता चेहरा आला. अंगणवाडीतून गरोदर बायांना, स्तनदा मातांना आणि लहान लेकरांच्या आयांना घरी नेण्यासाठी पोषण आहार मिळतो. जुलै २०२५ पासून त्यासाठी पोषण ट्रॅकर ॲपवर चेहरा जुळवणं सक्तीचं झालं. सेविकेने फोन धरायचा, आईने त्यात पाहायचं, ओटीपी सांगायचा, मग पाकीट द्यायचं.

या फोनची कथा महाराष्ट्राला माहीत आहे. २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते. फोनची क्षमता तोकडी, तो सारखा अडकणारा, ॲप इंग्रजीत. सेविकांना काम करायचं होतं, म्हणूनच त्या चिडल्या होत्या. लेकरांची वजनं घेणं, गृहभेटी, लसीकरणाला मुलं जमवणं ही त्यांची खरी कामं. त्यातला वेळ आता उजेडाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या आईचा फोटो जुळेपर्यंत जातो.

आणि विचार करा, सेविका त्या आईला ओळखत नाही का? गावातलीच ती. तिच्या बाळंतपणाची तारीख तिला पाठ असते. समोरासमोर ओळखणाऱ्या दोन बायकांच्या मध्ये एक ॲप उभं केलं आणि दोघींपैकी कुणाचाच शब्द खरा मानायचा नाही असं ठरवलं. हा अविश्वास आहे, आणि तो नेमका सर्वांत कमी मानधनावर राबणाऱ्या बाईवर दाखवला गेला आहे.

चेहऱ्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी एक मोठा निकाल दिला आहे. तो प्रत्येक सरकारी कचेरीत वाचून दाखवला पाहिजे. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या महिला न्यायालयात गेल्या होत्या. बँक खातं, सिम कार्ड यासाठीच्या डिजिटल केवायसीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवावे लागतात, म्हणजे समोरचा माणूस जिवंत आहे हे यंत्राला कळतं. ज्यांच्या पापण्याच जळून गेल्या आहेत, त्यांनी काय मिचकावायचं? न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे घटनेच्या कलम २१ चा भाग ठरवला आणि २० निर्देश दिले. त्यातला एक फार मोलाचा आहे. अपंगत्वामुळे यंत्राने केवायसी नाकारली असेल, तर ती प्रकरणं माणसाने पुन्हा तपासावीत आणि यंत्राचा नकार फिरवण्याचा अधिकार नेमलेल्या अधिकाऱ्याला असावा.

माझं सगळं म्हणणं या एका निर्देशात आहे. तो केवायसीपुरता आणि अपंगत्वापुरता का राहावा? झिजलेली बोटं, आटलेली रेंज आणि जुना फोन यांनाही तो लागू व्हायला हवा.

फोटो

रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली कल्पना. वि. स. पागे यांनी ती मांडली, १९७२ च्या दुष्काळात ती राबवली गेली, १९७७ मध्ये राज्याने तिचा कायदा केला. पुढे देशाने तसा कायदा केला, तोच मनरेगा. जानेवारी २०२३ पासून मनरेगाच्या कामावर मजुरांचे फोटो दिवसातून दोनदा ॲपवर चढवणं सक्तीचं झालं. फोटो चढला तर हजेरी, नाही तर दिवस बुडाला. डोंगरावर चर खणणाऱ्या बाईने दुपारपर्यंत काम संपवलं, तरी दुसऱ्या फोटोसाठी थांबायचं. रेंज नसेल, तर केलेल्या कामाचाही पैसा लटकतो.

आणि भ्रष्टाचार थांबला का? जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने राज्यांना कळवलं, की ॲपवर भलतेच फोटो चढवले जात आहेत, फोटोचेच फोटो काढून टाकले जात आहेत. ज्याला चोरी करायची होती त्याने वाट काढली. घाम गाळणारा मात्र रेंज शोधत टेकडीवर चढला.

शेतात चला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी पिकांची नोंद करायचा आणि ती अनेकदा बांधावर न जाताच व्हायची. आता शेतकऱ्याने स्वतः शिवारात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर नोंद करायची. कल्पना उत्तम. आपल्या शेताची नोंद आपल्या हातात, याहून लोकशाहीची गोष्ट कोणती? सातबारा ऑनलाइन झाला, डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत घरबसल्या मिळू लागला, हेही चांगलं. सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे फिरून ज्यांच्या चपला झिजल्या, त्यांना या सोयीचं मोल सांगायला नको.

पण नोंद राहिली की काय होतं ते पाहा. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर पीक पाहणीची नोंद मागतात. अतिवृष्टीनंतर भरपाईच्या वेळी सातबाऱ्यावरच्या पिकाला महत्त्व येतं. सोयाबीन पोत्यात भरून दारात ठेवलेलं असतं आणि कागदावर शेत पडीक असतं. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत ॲप रडतं, सातपुड्यात आणि मेळघाटात टॉवर सापडत नाही, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या खातेदाराकडे स्मार्टफोन नसतो. मदतीला सहायक नेमण्याची सोय आहे, पण तो किती गावांत वेळेवर पोहोचतो हे तिथल्या शेतकऱ्यांना विचारा. तलाठ्याचं काम शेतकऱ्यावर आलं. मग काम चुकल्याची जबाबदारीही सगळी त्याच्यावरच का?

ओटीपी

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेतल्या महिलांना सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. आधी स्वतःच्या आधारचा ओटीपी, मग पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचा. ज्या बाईचा नवरा वारला आणि वडीलही नाहीत, तिने काय भरायचं? नवऱ्याने टाकलेल्या बाईने त्याच्याकडे ओटीपी मागायला जायचं? मुंबईत बसून हा अर्ज आखणाऱ्यांना विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित बाई आठवलीच नाही. आणि ही योजना तर तिच्यासाठीही आहे.

आरडाओरडा झाल्यावर मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली आणि अशा महिलांसाठी कागदपत्रं देण्याची वेगळी सोय झाली. म्हणजे सोय करता येत होती. पहिल्याच दिवशी करता आली असती. त्यासाठी नवं तंत्रज्ञान लागत नव्हतं, अर्ज आखताना एका विधवेला शेजारी बसवून विचारायला लागत होतं. सॉफ्टवेअर जे विसरतं ते आधी माणूस विसरलेला असतो, आणि त्या विसरण्याची शिक्षा ज्याला विसरलं गेलं त्यालाच होते.

क्यूआर कोड

आता तंत्रज्ञान जिथे लोकांनी स्वतःहून उचललं, तिकडे पाहू. यूपीआय ११ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यावरच्या महिन्याच्या व्यवहारांची संख्या २,००० कोटींच्या पुढे गेली. मंडईतली कोथिंबीर, रिक्षाचं भाडं, वडापाव, सगळं मोबाइलवर. सुट्ट्यांची कटकट संपली. भाजीवालीच्या डब्याशेजारचा साउंडबॉक्स पैसे आल्याचं मोठ्याने सांगतो आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही हिशेब कळतो. भारताने जगाला दाखवावी अशी ही गोष्ट आहे.

ती एवढी पसरली कशी? एक कारण साधं आहे आणि त्याकडे फारसं कुणी पाहत नाही. भाजीवालीने कधी ‘यूपीआय नसेल तर मेथी मिळणार नाही’ असं म्हटलं नाही. खिशातली नोट चालूच राहिली. मार्च आणि एप्रिल २०२५ मध्ये यूपीआय देशभर काही काळ कोलमडलं. लोकांनी पाकिटं उघडली, कुणी उधारी लिहून ठेवली, व्यवहार पुढे चालले. दुसरी वाट खुली होती म्हणून पहिलीवर विश्वास बसला.

रेशनचं यंत्र आणि भाजीच्या टोपलीवरचा क्यूआर कोड यांत तंत्रज्ञानाचा फरक फार नाही. फरक नियमाचा आहे. एका ठिकाणी यंत्र बंद पडलं तरी देवाणघेवाण होते, दुसऱ्या ठिकाणी यंत्र बंद पडलं की माणूस रिकाम्या पिशवीने घरी जातो.

एक्स-रे

वैद्यकातही हेच दिसतं. क्षयरोगाच्या छाननीसाठी छातीचा एक्स-रे संगणकाने वाचण्याच्या पद्धतीला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. १५ वर्षांवरच्या माणसांसाठी ती वापरता येते. हे काम करणाऱ्या कंपन्यांमध्ये आपल्या मुंबईची क्युअर डॉट एआय जगभर ओळखली जाते. हातात मावणारं एक्स-रे यंत्र पाड्यावर नेता येतं, फोटो निघतो, काही क्षणांत संगणक संशयाची जागा दाखवतो. जिथे एक्स-रे वाचणारा तज्ज्ञ नाही, तिथे हे वरदान आहे.

पण तिथे यंत्राला किती अधिकार दिला आहे? संशय घेण्यापुरता. क्षय आहे की नाही हे थुंकीच्या तपासणीने ठरतं आणि औषध डॉक्टर देतो. कुठल्याही डॉक्टरने ‘संगणक म्हणतो म्हणून तुम्हाला क्षय आहे, माझ्या हातात काही नाही’ असं सांगितलं तर आपण त्याला दवाखाना बंद करायला लावू. मग धान्याच्या, मजुरीच्या, पोषण आहाराच्या बाबतीत तेच वाक्य आपण का ऐकून घेतो? उपाशी राहणं हा आजार नाही म्हणून?

संगणक चुकत नाही?

संगणकाच्या शब्दावर आंधळा विश्वास ठेवला की काय होतं, ते ब्रिटनने पाहिलं आहे. तिथल्या टपाल खात्यात १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची संगणक प्रणाली आली. ती गावोगावच्या उपडाकघरांच्या हिशेबात नसलेली तूट दाखवू लागली. पोस्टमास्तर सांगत होते, पैसे आम्ही घेतले नाहीत, चूक यंत्राची आहे. कुणी ऐकलं नाही. तिथल्या न्यायालयांत संगणक नीट चालतो असं गृहीतच धरलं जाई, आणि तो बिघडलाय हे दाखवण्याचं ओझं आरोपीवर पडे. ९०० हून अधिक पोस्टमास्तर दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काही कर्जात बुडाले, काहींनी जीव दिला. २०१९ मध्ये न्यायालयाने त्या प्रणालीत दोष असल्याचं मान्य केलं आणि २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

ते शिकलेले लोक होते, वकील लावू शकत होते, त्यांची भाषा न्यायालयाची भाषा होती. तरी दोन दशकं गेली. अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या बाईने कुणाशी आणि किती वर्षं भांडावं?

मागणी

मागणी यंत्रं फेकून देण्याची नाही. पाच साध्या गोष्टी हव्या आहेत. एकीलाही मोठा खर्च नाही.

पहिली, नकाराची पावती. ई-पॉसमध्ये छपाईची सोय आहेच. ठसा जुळला नाही किंवा सर्व्हर बंद पडला, तर तसं लिहिलेली, तारीख-वेळ टाकलेली पावती मशीनमधून आपोआप निघाली पाहिजे. भत्त्याचा दावा, तक्रार, अपील, सगळं त्या चिठ्ठीवर उभं राहील.

दुसरी, त्याच दिवशी पर्याय. ठसा नाही तर डोळा, डोळा नाही तर ओळखपत्र आणि नोंदवहीत सही. आदेश २०१७ पासून आहे. तो प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर मराठीत, ठळक अक्षरांत रंगवा.

तिसरी, नावानिशी जबाबदार माणूस. महाराष्ट्राकडे लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. त्याखाली अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत द्यावी लागते, नाकारायची तर लेखी कारण द्यावं लागतं, वर दोन अपिलं आणि आयोग आहे, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. यंत्राने दिलेला प्रत्येक नकार या कायद्याखालचा नकार माना. मग ‘वरूनच बंद आहे’ म्हणणाऱ्याला वर कोण बसलंय ते सांगावंच लागेल.

चौथी, आकडे उघड करा. किती व्यवहार झाले हे सरकार अभिमानाने सांगतं. किती जणांना परत पाठवलं हेही दुकानवार, अंगणवाडीवार, दर महिन्याला जाहीर करा. यंत्राकडे ती नोंद असते. दाखवायची इच्छा हवी.

पाचवी, सक्तीआधी कसोटी. कुठलंही ॲप राज्यभर बंधनकारक करण्यापूर्वी सहा महिने धारणीत, धडगावात, भामरागडात चालवून पाहा. तिथे चाललं तर पुण्या-मुंबईत चालेलच. आपण नेहमी उलट करतो.

सरकारला हे सांगायचंच. पण वाचकहो, काही काम आपलंही आहे. आपल्यातल्या बहुतेकांचा अंगठा पहिल्या झटक्यात लागतो, फोन नवा असतो, अर्ज इंग्रजीत आला तरी भरता येतो. म्हणून हा प्रश्न आपल्याला दिसत नाही. घरी कामाला येणाऱ्या मावशींना, सोसायटीच्या वॉचमन काकांना, शेतावरच्या गड्याला या महिन्यात रेशन मिळालं का, एवढं विचारा. मिळालं नसेल तर त्यांच्यासोबत दुकानात जा, नकार लेखी मागा, जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. तुम्ही शेजारी उभे राहिलात तर ‘उद्या या’ म्हणणारा आवाज नरमतो.

गावात राहत असाल, तर पुढच्या ग्रामसभेत उभं राहून एकच प्रश्न विचारा. मागच्या तीन महिन्यांत आपल्या गावातल्या किती लोकांना यंत्राने परत पाठवलं, आणि त्या नकारावर सही कुणाची आहे? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. उत्तर मिळालं नाही, तर तेही लिहून घ्या आणि माहिती अधिकाराचा अर्ज टाका. सही सापडेपर्यंत विचारत राहा.